पडक्या जोत्यांवरचीं फुलें

भाद्रपद जवळ आला म्हणजे आमच्या घरीं गेलीं कित्येक वर्षें एक ठराविक संभाषण होत आलें आहे. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यांत येऊन विचारतात, "पत्रीला यंदा कोण जाणार?" पुण्याच्या मंडईंत पत्रीचे वाटे आयते मिळतात हें त्यांस ठाऊक आहे. परंतु त्या वाट्यांत कोणताही पाला आघाडा म्हणून खपवितात, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. आणि म्हणून आम्हांपैकीं दोघांतिघांनीं मोटार काढावी, भोराकडच्या आमच्या गांवीं जावें, आणि तेथल्या पडक्या वाड्यांतून आघाडा, माका, डोरली, धोत्रा, रुई व गौरींसाठीं तेरडा घेऊन यावें, असा शिरस्ता पडून गेला होता.

गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी आमच्या वाचकांनीं एकदां सावकाश वाचून पाहावी. जाई, डाळिंब, केवडा हीं बागेंतलीं मंडळी तींत आहेत खरीं. पण वर आम्हीं सांगितलेलीं नांवें कोणत्या बागेंतलीं आहेत? आघाडा उकिरड्याच्या कडेला येतो, धोत्रा आणि रुई पडीक जागीं, डोरली कुंपणाच्या दगडांत, माका मोरीच्या पाण्याशीं. ज्या जागा माणसानें एकदां वापरल्या आणि मग सोडून दिल्या, तेथलेंच हें गोत. वर्षांतून एकदां कां होईना, अशा जागांकडे बारकाईनें पाहण्याची संवय आमच्या घरांतल्या बायकांस यादीनेंच लावून ठेविली आहे. आम्हां पुरुषमंडळींस ती लागण्यास कॅमेरा विकत घ्यावा लागला.

आमचा वाडा १९७८ सालीं बंद झाला. पुढच्या दहाबारा पावसाळ्यांत छप्पर बसलें, मग वरच्या मातीच्या भिंती विरघळल्या, वासे कोणी नेले, कोणी नेले नाहींत ते कुजले. राहिलें तें घडीव दगडाचें जोतें, ओट्याच्या चार पायऱ्या, विहिरीचा कठडा आणि कलंडलेलें तुळशीवृंदावन. श्रावण-भाद्रपदांत या सगळ्यावर फुलांचें एवढें गर्द रान माजे कीं पाऊल कोठें ठेवावें हें कळत नसे. कॅमेरा घेऊन आम्ही तेथें प्रथम गेलों, तेव्हां दिवसभरांत साठांवर चित्रें घेतलीं. जवळचें भिंग लावून, गुडघे चिखलांत टेकून, एकएक फूल चौकटभर मोठें करून घेतलें. तेरड्याची मागची वांकडी शेपटी, कुरडूच्या तुऱ्यावरची गुलाबी छटा, एकदांडीच्या चिमुकल्या फुलाची दांतेरी कड, सारें सुईच्या टोंकासारखें स्पष्ट. आणि पाठीमागें मऊ, हिरवें धुकें. पुस्तकांत अशींच चित्रें असतात, आणि आम्हांस पुस्तकांतल्यासारखीं जमलीं याचा अभिमान होता.

रात्रीं जेवणें उरकल्यावर तीं चित्रें दिवाणखान्यांतल्या मोठ्या पडद्यावर लाविलीं. सारें कुटुंब बसलें होतें. काकूंनीं पांचसहा चित्रें कौतुकानें पाहिलीं आणि विचारलें, "तेरडा छान आहे रे, पण हा कुठला?"

"वाड्यांतलाच, काकू."

"अरे, पण वाड्यांत कुठला? माजघरांतला, का ओटीवरचा, का परसांतला?"

आम्हांस सांगतां येईना. दादांस येईना. धाकट्या सूनबाई महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकवितात; त्यांनीं तेरड्याचें शास्त्रीय नांव सांगितलें, कुल सांगितलें, पण तो माजघरांत होता कीं परसांत, हें त्यांसही सांगतां आलें नाहीं. चित्रांत काय होतें? फूल, आणि धुकें. हा तेरडा कोणत्याही गांवच्या कोणत्याही बांधावरचा म्हणून खपला असता. काकूंचा मंडईवरचा जो आक्षेप, तोच आमच्या चित्रांवर लागू पडला म्हणावयाचा.

मग शेवटीं, जवळजवळ चुकून, पुतण्यानें मोबाईलवर घेतलेलें एक चित्र पडद्यावर आलें. वय वर्षें अकरा. आम्ही सामान आवरीत असतां, पांचाच्या सुमारास, त्यानें उभ्या उभ्याच तें घेतलें होतें. चौकट तिरपी, खालच्या कोपऱ्यांत त्याचाच बूट. मध्यें गुलबक्षीचें एक झुडूप, नुकतें उमललेलें. त्याच्या डावीकडे मधोमध पन्हळ कोरलेला एक दगड, आणि पाठीमागें वृंदावनाचा कोपरा. काकू पुढें सरकून बसल्या. "थांब, थांब. ही न्हाणी! तो मोरीचा दगड. आणि ही गुलबक्षी सासूबाईंनीं लावलेली. मी १९६१ सालीं लग्न होऊन आलें, तेव्हां एवढीशी होती. न्हाणीचं पाणी तिला जायचं." थोडें थांबून म्हणाल्या, "घरांत घड्याळ एकच, तें ओटीवर. तिथं आम्ही कशाला जातोंय? गुलबक्षी उमलली कीं चहाचं आधण ठेवायचं."

हें झुडूप दिवसभर आमच्या समोर होतें. परंतु गुलबक्षी उमलते ती दुपार कलल्यावर. आम्ही बारा वाजतां तेथून गेलों तेव्हां तिचीं फुलें मिटलेलीं होतीं, म्हणून आम्हीं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. तिच्या या संवयीवरून इंग्रजींतही तिला चार वाजण्याच्या नांवानें ओळखतात. मूळची ती अमेरिका खंडांतली. पण आमच्या घरांत ती काकूंच्या आधीं आली होती, आणि घर गेल्यावरही मोरीच्या जागीं पाय रोवून उभी होती.

त्या रात्रीपासून आम्हीं आपल्यापुरता एक नियम केला: पडक्या जागेंतलें फूल घ्यावयाचें तर तें त्याच्या दगडासकट घ्यावयाचें. रानांतल्या फुलाचें निराळें आहे. त्याच्या मागें रान असतें, आणि रान हें रानासारखेंच दिसतें. पण जोत्यावरच्या फुलाच्या मागें कोणाचें तरी माजघर असतें.

आतां, हीं फुलें पडक्या बांधकामावर एवढीं कां माजतात, असें पुष्कळ जण विचारतात. उत्तर अगदीं व्यवहारी आहे. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसानें आमचे डोंगर धुऊन निघालेले. काळ्या कातळावर माती टिकते ती बोटभर. जुन्या बांधकामांत दगडांच्या सांध्यांत चुना असे. हा चुना काळानें भुसभुशीत होतो, त्यांत ओल धरून राहते. शिवाय धुपलेल्या आंबट मातीच्या प्रदेशांत चुन्याचा सांधा म्हणजे निराळ्या गुणाची एक लहानशी वाफच. वर पडलेल्या भिंतींची माती आयती मिळते. जोतें उंच असल्यामुळें पाणी सांचून मुळें कुजत नाहींत. तेथें नांगर फिरत नाहीं, आणि तटाच्या फटींपर्यंत गुरांचें तोंड पोंचत नाहीं. हल्लींच्या सिमेंटच्या भिंतीला यांतलें कांहीं साधत नाहीं. तिच्या फटींत फार तर शेवाळ धरतें.

हा नियम घेऊन आम्ही पुढच्या वर्षीं राजगडावर गेलों. गुंजवण्याकडून चोरदरवाजानें चढलें म्हणजे माणूस एकदम पद्मावती माचीवर निघतो. रायगडापूर्वीची ही राजधानी. तळें आहे, देऊळ आहे, सदर आहे, आणि बाकी ठिकठिकाणीं जोतीं. इतिहासाच्या पुस्तकांत जेथें वर्दळ वाचावी तेथें, भाद्रपदाच्या अखेरीस, सोनकी. गुडघाभर उंचीचीं हिरवीं झुडपें आणि त्यांवर हळदीच्या रंगाचीं फुलें, इतकीं दाट कीं जोत्याची कड हातानें चांचपून काढावी लागली. तळ्याच्या वरच्या अंगाला, कातळावर जेथें पाण्याचा पातळ पडदा वाहत होता, तेथें सीतेची आसवें, गर्द निळीं, गव्हाच्या दाण्याहून जरा मोठीं. नांव असें करुण, पण वनस्पति कीटकभक्षक आहे. मुळांशीं असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत ती पाण्यांतले जीव ओढून घेते. मातींत कस नाहीं, म्हणून तिनें हा उद्योग आरंभिला. एका तटाच्या सावलीच्या बाजूस, दगडांच्या सांध्यांतून, रानटी बेगोनियाचीं तुळतुळीत पानें आणि फिकट गुलाबी फुलें लोंबत होतीं. सांधा कोठें आहे हें तीं फुलें आंखून दाखवीत होतीं: दगड, फुलांची ओळ, दगड, फुलांची ओळ. गवंड्यानें चुना जेथें भरला होता बरोबर तेथें. त्या एका चित्रापुढें आमच्या आदल्या वर्षींच्या साठांचें मोल आम्ही कांहींच समजत नाहीं.

ज्या वाचकांस हा नाद लावून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठीं कामापुरत्या चार गोष्टी सांगतों. फुलावर रोखलेलें लांब भिंग घरीं ठेवावें. रुंद भिंग, चोवीस मिलिमीटरच्या आसपासचें, घ्यावें आणि तें फुलाच्या वीतभर जवळ न्यावें. म्हणजे फूल मोठें येतें आणि मागची पायरी, कोनाडा, तटही चौकटींत राहतो. छिद्राचा आकडा ११ ते १६ ठेवावा, नाहीं तर मागचें पुन्हां धुकें होतें. मात्र एवढ्या बारीक छिद्रानें प्रकाश कमी मिळतो, आणि पावसाळी वाऱ्यांत फूल डोलत असतें. वेग सेकंदाच्या एकशेंपंचविसाव्या हिश्शाहून मंद झाला कीं चित्र हललेंच म्हणून समजावें. फोटोग्राफीच्या आरंभीं, १८३९ च्या आधींपासून, इंग्लंडांत टालबट यांनीं औषध चढविलेल्या कागदावर पानेंफुलें ठेवून उन्हांत त्यांचे ठसे उमटविले होते. वनस्पति स्थिर बसतात म्हणून त्या सोयीच्या, असें त्या काळचें मत असावें. त्यांनीं राजगडावरची सोनकी पाहिली नव्हती. वाऱ्याच्या बाजूस कोणाला तरी छत्री उघडून बसवावें. या कामास लहान मुलें उत्तम. त्यांस महत्त्वही वाटतें आणि तीं कड्याच्या टोंकाकडे जात नाहींत.

ऊन निघालें तर थांबावें. ढगाळ उजेडांत दगडाचा काळेपणा आणि फुलाचा रंग दोन्ही शाबूत राहतात. कडक उन्हांत पिवळ्या फुलाचा नुसता पिवळा डाग होतो. ढगांतही सोनकीचें चित्र घेतांना प्रकाश अर्ध्या पायरीनें कमीच ठेवावा. कॅमेरा नसेल तर मोबाईलनें भागतें, किंबहुना त्याचें भिंग मुळांत रुंदच असल्यामुळें या कामास तो बरा. पण त्यांत माणसांचीं चित्रें घेण्यासाठीं मागचा भाग आपोआप पुसट करणारी जी सोय असते, ती कटाक्षानें बंद ठेवावी. तीच ती, काकूंस न आवडलेली.

फूल खुडून सोयीच्या जागीं मांडूं नये. सभोंवारचें गवत उपटून 'साफ' करूं नये. पडक्या जोत्यांच्या पोकळींत साप असतात, सैल दगडावर पाय देऊं नये, आणि गवतांत झांकलेल्या जुन्या टाक्यांची व विहिरींची माहिती गांवकऱ्यांस आधीं विचारून घ्यावी. आमचे दादा अशा एका टाक्यांत कमरेपर्यंत गेले होते. त्यांनीं तें लिहूं नका म्हणून सांगितलें आहे.

भग्न वास्तूवरच्या फुलांची नोंद ठेवण्याचा हा छंद कांहीं आमचाच नव्हे. रोम शहरांत राहणारा रिचर्ड डीकिन नांवाचा एक इंग्रज वैद्य होता. तेथलें जगप्रसिद्ध कोलोझियम त्या काळीं झाडाझुडपांनीं भरून गेलेलें होतें. डीकिनानें त्या एका पडक्या इमारतींत उगवणाऱ्या वनस्पतींवर १८५५ सालीं पुस्तक काढलें, आणि त्यांत ४२० जाती नोंदविल्या. त्यांतल्या कांहींचें बीं प्राचीन काळीं झुंजींसाठीं आफ्रिकेंतून आणलेल्या जनावरांच्या चाऱ्यांतून आलें असावें, असाही एक तर्क सांगतात. तर्कच तो, पण सोडून द्यावासा वाटत नाहीं. पुढें १८७० नंतर, रोम नव्या इटालीच्या राज्यांत आल्यावर, पुराणवस्तूंच्या जतनासाठीं म्हणून तें सारें रान उपटून कोलोझियम स्वच्छ करण्यांत आलें. इमारतीच्या दृष्टीनें तें आवश्यकही असेल. पण डीकिनाचें पुस्तक नसतें तर तेथें काय होतें हें कोणास कळलें असतें?

दुसरें उदाहरण याहून दारुण. १९४० च्या सप्टेंबरपासून १९४१ च्या मेपर्यंत लंडनवर जर्मन बाँबांचा वर्षाव झाला. घरेंच्या घरें पडलीं, आणि पुढच्या उन्हाळ्यांत त्या ढिगाऱ्यांवर जांभळट गुलाबी तुऱ्यांचें एक उंच रानफूल एवढें पसरलें कीं लोक त्याला बाँबचें तण म्हणूं लागले. जळालेली जमीन त्याला मानवते. क्यू येथील विख्यात वनस्पति-उद्यानाचे त्या काळचे प्रमुख एडवर्ड सॉलिसबरी यांनीं या बाँबग्रस्त जागांतल्या वनस्पतींची पाहणी करून ठेविली आहे. कोणाचें तरी स्वयंपाकघर, कोणाचें दुकान, आणि त्यावर हीं फुलें. आणि तेथें आणखी एक पिवळें फूल होतें, ज्याची हकीकत आम्हांस सूनबाईंनीं सांगितली आणि आम्ही थक्क झालों. हें फूल मूळचें सिसिली बेटांतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचें. अठराव्या शतकांत तें ऑक्सफर्डच्या वनस्पति-उद्यानांत आणून लावलें. तेथून तें उद्यानाच्या भिंतीवर चढलें, शहराच्या जुन्या भिंतींवर पसरलें, आणि एकोणिसाव्या शतकांत रेल्वे आल्यावर रुळांखालच्या जळक्या खडीवरून गांवोगांव गेलें; ती खडी त्याला ज्वालामुखीच्या राखेसारखीच वाटली असावी. अखेर लंडनच्या ढिगाऱ्यांवर. वनस्पतिशास्त्रांत याची प्रजाती 'सेनेसियो'. आमच्या राजगडावरची सोनकी हीही सेनेसियोच! आणि आमचा सह्याद्रीचा काळा दगड हाही लाव्हाच. दोन बहिणी दोन देशांत दिल्या, आणि दोघींस सासर सारखेंच मिळालें, असेंच हें झालें.

नियमास एक अपवाद मात्र आम्हांस करावा लागला, आणि तो शिवनेरीच्या बाबतींत. त्या बाजूच्या कड्यांवर एक दुर्मिळ वनस्पति वाढते. गांवकरी तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवरायांच्या जन्मस्थानाशीं तिचा संबंध असल्यामुळें अलीकडे तिला शिवसुमन असें सुंदर नांव मिळालें आहे. १८६५ सालीं डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानें तिचें वर्णन प्रसिद्ध केलें आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असें नांव दिलें. मांसल खोड, काळपट तांबड्या रंगाचें पांच पाकळ्यांचें ताऱ्यासारखें फूल, त्यावर पिवळे ठिपके. महाराष्ट्रांतल्या मोजक्याच कड्यांवर ती आढळते, आणि तिला उपटून नेणारे शौकीन कमी नाहींत. येथें दगडासकट, वाटेसकट, ओळखूं येईल असें चित्र घेऊन तें जगभर पाठवून देणें म्हणजे चोराच्या हातांत घराचा नकाशा देण्यासारखें. हल्लींचा मोबाईल तर चित्राच्या पोटांत अक्षांश-रेखांशही गुपचुप लिहून ठेवतो. असें चित्र घ्यावें, घरच्या संग्रहांत ठेवावें, अभ्यासकांस दाखवावें. बाहेर देतांना जागा पुसून द्यावी. येथें धुकें चांगलें.

२०२५ च्या जुलैंत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला. राजगड आणि शिवनेरी हे दोन्ही त्यांत आहेत. प्रत्येक मराठी माणसास याचा आनंद झाला, तसा आम्हांसही झाला. आतां गडांवर डागडुजीचीं कामें वाढतील, आणि स्वच्छतेसाठीं उत्साही तरुणांच्या टोळ्या पूर्वीपासून जातच आहेत. वड, पिंपळ, उंबर यांचीं रोपें तटांतून काढलींच पाहिजेत, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पिंपळाचें मूळ एकदां सांध्यांत शिरलें कीं हत्तीला न हालणारा दगड तें पन्नास वर्षांत बाहेर ढकलतें. पण विळा एकदां हातांत आला कीं सोनकी आणि पिंपळ असा भेद तो करीत नाहीं. बोटभर मुळाची सोनकी, बेगोनिया, सीतेची आसवें यांनीं कोणता बुरूज पाडला? आमची एवढीच विनंति कीं गवत काढावयाचें तें मार्गशीर्षानंतर काढावें. तोंवर तेरड्याचीं बोंडें फुटून आणि सोनकीचें बीं वाऱ्यावर जाऊन तीं मोकळीं झालेलीं असतात. आणि काढण्यापूर्वीं कोणी तरी एक चित्र घ्यावें. डीकिनास ४२० वनस्पति लिहून काढाव्या लागल्या. आपल्या प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे.

इतकें लिहिल्यावर आमच्या वाड्याचें काय झालें तें सांगितलें पाहिजे. जागेचे हिस्सेदार अकरा. त्यांतले तिघे परदेशांत. कोणी तेथें राहणार नाहीं हें उघड होतें. गेल्या माघांत सर्वांच्या सह्या झाल्या आणि जागा विकली गेली. घेणारे गृहस्थ सज्जन आहेत. त्यांस तेथें घर बांधावयाचें आहे, आणि कोणास तरी तेथें राहावेंसें वाटतें यांत वाईट मानण्यासारखें कांहीं नाहीं. वैशाखांत यंत्र येऊन जमीन सपाट करणार असें ठरलें. काकूंनीं ऐकून घेतलें. दोन दिवसांनीं म्हणाल्या, "ती गुलबक्षी तेवढी आणतां येईल का?"

चैत्राचा महिना. आम्ही गेलों तेव्हां वाड्यांत वाळलेल्या काटक्यांशिवाय कांहीं नव्हतें. गुलबक्षीचा वरचा भाग उन्हाळ्यांत मरून जातो. जमिनीखालीं कंदासारखें मूळ जिवंत असतें, पण तें कोठें म्हणून शोधावयाचें? जोत्याच्या आंत सगळीकडे सारखीच करडी माती. तेव्हां पुतण्यानें मोबाईल काढला आणि तें आपलें तिरपें चित्र उघडलें. मोरीचा दगड सांपडला; पालापाचोळ्याखालीं गेला होता. वृंदावनाचा कोपरा कोठें दिसतो हें पाहून आम्ही पोराच्या उंचीइतके वांकलों, त्याचा बूट जेथें होता तेथें उभे राहिलों, आणि दगडापासून दोन हात मोजून दादांनीं कुदळ घातली. तिसऱ्या घावाला काळें, सुरकुतलेलें, मनगटाएवढें मूळ हातीं आलें. त्याच्या बाजूस आणखी दोन. गोणपाटांत ओलें करून बांधून तीं पुण्यास आणलीं.

गच्चीवरच्या कुंडींत दोन महिने कांहीं हालचाल नव्हती. सूनबाई रोज पाणी घालीत आणि कांहीं बोलत नसत. ज्येष्ठाच्या पहिल्या पावसानंतर एक तांबूस कोंब वर आला, मग तीन. श्रावणांत, एका मंगळवारीं, सूनबाई गच्चीवरून खालीं आल्या आणि म्हणाल्या, "काकू, वर येतां का?" फूल अर्धें पिवळें, अर्धें राणी रंगाचें होतें. काकूंनीं तें वांकून पाहिलें, घड्याळाकडे कांहीं पाहिलें नाहीं, आणि जिना उतरून चहाचें आधण ठेवावयास गेल्या.